दोराचं वरचं टोक

माणूस हौदात उतरायच्या आधी आमचे मुकादम त्याच्या बगलेखालून दोर घेत, छातीवर गाठ मारत, ती दोनदा ओढून पाहत आणि म्हणत, "बोलत राय गा. चूप नोको होऊ." मग हौदाच्या तोंडाशी बैठक मारत. तो माणूस वर येईपर्यंत पान नाही, पाणी नाही, साहेब आला तरी उठणं नाही.

मी नागपुरात जवसाच्या तेलाच्या एका गिरणीत हजेरी लिहायचो. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. तेलाचे हौद जमिनीखाली आणि तोंड एवढंसं, की जरा सुटलेलं पोट असेल तर माणूस अडकायचा. दर उन्हाळ्यात तळाचा गाळ खरवडायला कुणीतरी आत उतरायचं. जवसाचं तेल बंद हौदातली हवा खाऊन टाकतं. वास येत नाही, ठसका लागत नाही. काम करता करता माणूस खाली बसतो आणि मग उठत नाही. मुकादम तरुण असताना दुसऱ्या एका गिरणीत त्यांच्या डोळ्यांदेखत एक जण असा बसला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

म्हणून दोन दिवस आधी झाकण उघडायचं, पंख्याने आत हवा सोडायची, आणि तरीही भरवसा ठेवायचा नाही. आतल्या माणसाने सतत बोलायचं. आवाज अडखळला की दोर ओढायचा, विचारत बसायचं नाही. दोर कमरेला का नाही, असं मी शहाणपणाने विचारलं होतं. तर म्हणाले, कमरेत बांधला की बेशुद्ध माणूस घडी होऊन वर येतो आणि हौदाच्या तोंडात अडकतो. माझं शहाणपण तिथेच संपलं म्हणा.

आता आत उतरलेला माणूस बोलणार काय? घरचंच बोलणार. डब्यात काय आहे, मेहुण्याचं लग्न कुठे अडलंय, बायको का रुसलीय. तुम्हीही एखाद्या दुपारी तिथे उभे राहिला असता तर तुमची करमणूक झाली असती. मुकादम वरून सल्ले देत. एकाला म्हणाले, "चूक तुहीच हाय. आज घरी जाऊन कबूल कर, आता खरवड." सगळ्या गिरणीचे संसार त्यांना ठाऊक होते, पण एक शब्द कधी बाहेर गेला नाही.

एका दुपारी किसना आत होता आणि ऑफिसात मुकादमांसाठी फोन आला. त्यांच्या बायकोचं धंतोलीतल्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. त्या दिवशीही रजा न घेता आले होते ते. मी जवळ उभा होतो. दोर माझ्या हातात देत म्हणाले, "बाबू, त्याले बोलतं ठेवा." आणि गेले.

किसना सासूबद्दल बोलत होता. काय एकेक विशेषणं! तेवढ्यात मालक पाहुण्यांना गिरणी दाखवत आले, सोबत दोन बायका. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली वाकून मी हळूच म्हणालो, "किसना, जरा गप बस, मालक आलेत." तो बिचारा गप बसला. मी पाहुण्यांना शुद्ध भाषेत घाणी समजावून सांगितली. ते पुढे गेले. मला वाटलं, छान आटोपलं.

मुकादम अर्ध्या अंगणातूनच ओरडले, "काहून चूप हाय तो?"

मी आत पाहिलं. किसना भिंतीला टेकून बसला होता, हनुवटी छातीवर. मी दोर टाकला आणि आत पाय घातला. मागून कॉलर धरून मुकादमांनी मला जमिनीवर आपटलं. एरवी मला 'तुमी' म्हणणारा तो माणूस म्हणाला, "तू बी मरशीन. दोर धर!"

आम्ही ओढला. किसना सरळ वर आला, जसा यायला हवा तसा. मुकादमांनी त्याला सावलीत आडवं करून तोंडाने हवा दिली, पुन्हा दिली, किती वेळ कोण जाणे. शेवटी तो खोकला, ओकला, डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून त्याने विचारलं, "मालक गेले का, बाबू?"

मी तिथेच रडलो.

मुकादमांनी मॅनेजरला सांगितलं, "दोर सोडून मी उठलो, चूक माही." मी मागोमाग आत जाऊन खरं काय ते सांगितलं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "बरं केलं. बायको बी शुद्धीवर आली."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दोर माझ्या छातीला बांधला. वर बसून समजत नाही, म्हणाले, एक डाव उतरा. मी उतरलो. दोन मिनिटांत माझं बोलणं संपलं, मग मी पाढे म्हटले. सतरापाशी चुकलो तर वरून त्यांनी दुरुस्त केलं. चौथीत शाळा सुटलेला माणूस! त्या काळोखात तो आवाज किती मोठा आधार होता, काय सांगू.

ते निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, मालकांचं भाषण, सगळं झालं. मालकांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. मग लोकांकडे पाहून म्हणाले, "जे जे हौदात उतरले, ते उभे राहा गा."

खुर्च्या सरकल्या. घाणीवाले उठले, हमाल उठले, केव्हाच काम सोडून गेलेले दोन म्हातारे उठले. किसना कडेवर नात घेऊन उठला. मी कारकून माणूस, पण छाती काढून उभा राहिलो. मुकादमांनी एकेकाकडे बोट करत सगळ्यांना मोजलं, मालकांकडे वळले आणि म्हणाले, "पुरे हायेत, साहेब. उतरले तेवढे वर आले." आणि खाली बसले.