एसीवाले काका

“आधी बघू, मग उघडू,” असं म्हणून ते डोळे मिटायचे आणि एसीसमोर उलटा पंजा धरायचे.

सिंगापूरमध्ये, बेडोकला, आमच्याच ब्लॉकमध्ये ते एकटे राहायचे. आंग मो किओच्या एका कारखान्यात तापमानाचे सेन्सर तपासता तपासता निवृत्त झालेले. काकू जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी मेलबर्नला. ओळखीच्या मराठी घरांत एसी बिघडला की पहिला फोन काकांना जायचा.

आमची बेडरूम एकदा नुसती गारठायला लागली, एसी पंचवीसवर ठेवला तरी. मेकॅनिक म्हणाला, नवाच घ्या. काकांनी आतला मण्याएवढा सेन्सर काढला, बर्फाच्या पाण्यात बुडवला, मग कोमट पाण्यात. मीटरवरचा आकडा हलला नाही.

“याला काही जाणवतच नाही बिचाऱ्याला,” ते म्हणाले.

नवा सेन्सर बसवायला त्यांना दहा मिनिटं लागली आणि चहा प्यायला दोन तास. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम संपलं तरी स्क्रू पुन्हा पुन्हा घट्ट करत बसणारी.

पुढे ते बाथरूममध्ये पडले. त्यांची मुलगी, आमची ताई, आली, फ्लॅट विकला आणि त्यांना मेलबर्नला घेऊन गेली.

जुलैतल्या एका सकाळी मी एमआरटी स्टेशनवर पोचले, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

“जय भीम. अगं, इथे जुलैत ऐन थंडी आणि हीटिंग बिघडलंय. भिंतीवरचा थर्मोस्टॅट बावीस दाखवतो आणि माझे पाय बर्फ झालेत.”

“ताईला सांगितलंत?”

“ती आणि जावई कामावर. त्यांना कशाला त्रास?”

“थर्मोस्टॅटजवळ काय आहे, काका?”

“टेबललॅम्प. माझ्यासाठीच ठेवलाय, दिवसभर चालू असतो.”

दिव्याची ऊब सेन्सरला लागत होती. इतकी साधी गोष्ट त्यांना दिसली नसेल, हे मला पटेना. पण मी म्हटलं, “दिवा बंद करून बघा.”

ते आकडे वाचत राहिले. एकवीस. एकोणीस. सतरा. मग हीटर सुरू झाल्याची घरघर मलाही ऐकू आली.

“आता ठेवू, काका?”

“थांब जरा. खोली तापते का बघू.”

मी बाकावर बसले. माझ्यासमोरून गाड्या निघून गेल्या. “अठरा,” ते म्हणायचे, आणि बऱ्याच वेळाने, “साडेअठरा.” 

ऑगस्टमध्ये काका गेल्याचा ताईचा मेसेज आला.

जुलैतल्या त्या सकाळी खोली बावीसवर पोचली, तेव्हा मला ऑफिसला चांगलाच उशीर झाला होता. “झाले बघ बावीस,” काका म्हणाले, आणि तरी त्यांनी फोन ठेवला नाही.