पाझराचं गणित

“हे फुकटचं सॉफ्टवेअर माझ्या लॅबमध्ये चालणार नाही,” सर म्हणाले आणि त्यांनी माझ्या लॅपटॉपचं झाकण वरून दाबलं. माझी बोटं आतच होती. कशीबशी ओढून घेतली.

वर्ग बघत होता. सर थांबले नाहीत. “शिष्यवृत्ती फुकट, वसतिगृह फुकट, आता गणितपण फुकट. तुम्हा लोकांना सवयच लागलीय.”

पोरं हसली. मीपण हसले.

सरांच्या बोलण्यापेक्षा माझं ते हसणं जास्त टोचतं. अजून टोचतं.

परभणीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं माझं ते शेवटचं वर्ष. मी बोरीकडच्या एका खेड्यातली. आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा झाला की घराला कुलूप आणि कारखान्याच्या हद्दीत कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. माझी निम्मी शाळा उसाच्या फडातच बुडाली. पण गणित सुटलं नाही.

प्रोजेक्टला मी आमच्या गावचा पाझर तलाव घेतला होता. त्याच्या बांधाच्या पायथ्याला ओल यायची. दरवर्षी थोडी वर सरकायची. खाली वस्ती आहे. बांध एक दिवस जाणार, असं गावात सगळेच म्हणायचे. कुठून जाणार, कधी जाणार, हे कुणी बघायला येत नव्हतं.

मातीतून पाणी कसं झिरपतं याचं समीकरण असतं. अख्ख्या बांधासाठी ते कागदावर सुटत नाही. म्हणून बांधाचे हजारो बारीक त्रिकोण करायचे, एकेका त्रिकोणापुरतं उत्तर मांडायचं, आणि सगळे जोडून संगणकाला सोडवायला द्यायचे. त्यासाठी कॉलेजनं महागडं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याचं लॉगिन सर देतील त्यालाच. मी दोनदा मागितलं.

“तुला कशाला? एखादा सोपा विषय घे.”

मग मी खुलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. कुणीही घ्यावं, आतला कोड वाचावा, बदलावा. ते चालवायला लॅबमध्ये बसले, त्या दिवशीचं हे झाकण.

त्यानंतर मी लॅबमध्ये गेले नाही. वसतिगृहाच्या जिन्यात बसायचे. आठवडाभर उत्तर चुकत होतं. पाणी बांधात नुसतं चढत जायचं. शेवटी त्या सॉफ्टवेअरच्या चर्चेच्या पानावर मोडक्या इंग्रजीत विचारलं. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या बाईचं उत्तर आलं. तू बांधाचा बाहेरचा उतार बंद धरला आहेस, तिथून पाणी बाहेर पडू दे. एवढंच. माझं आडनाव विचारलं नाही, गाव नाही, आईबाप काय करतात ते नाही. प्रश्न चांगला आहे, असं मात्र लिहिलं होतं.

मी रडले. चांगला प्रश्न विचारलास, असं मला कॉलेजात कुणी म्हणालं नव्हतं.

संगणकात उतार खुला केला. पाण्याची रेषा खाली आली, पण पायथ्याला जिथं ओल होती तिथंच बाहेर पडली. आता खात्री करायची होती. तोडीला जायच्या आधी आबांनी, म्हणजे माझ्या बापानं, बांधात तीन ठिकाणी नळ्या ठोकल्या. दोरीला दगड बांधून आत सोडला. दोरी कुठवर भिजली ते मी टेपनं मोजलं.

“तुझा संगनक काय म्हनायलाय?” आबांनी विचारलं.

सांगितलं. तिन्ही ठिकाणी वीतभराचाही फरक नव्हता. आबा दोरीकडं बघत राहिले. “लय बेकार हाय मग,” एवढंच म्हणाले. वस्तीकडं बघून म्हणाले.

हिवाळ्यात मला ते सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या एका धड्यात चूक सापडली. वजाच्या जागी अधिक पडलं होतं. दुरुस्ती पाठवली. त्यांनी तपासली आणि घेतली. काम करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं. कोपीवर आबांना फोन केला.

“कुनी लिवलं नाव?”

“मी काम केलं, त्यांनी लिहिलं.”

आबांनी विचारलं, “काढनार न्हाईत ना?”

“न्हाई आबा.”

उन्हाळ्यात अहवालावर सरांची सही हवी होती. त्यांनी सगळा वाचला. “आकडे बरोबर आहेत. फक्त सॉफ्टवेअरचं नाव बदल. आपल्या लॅबचं टाक. तपासणी येतेय, वापर दिसला पाहिजे.”

“सर, मी ते एकदाही उघडलेलं नाही.”

“कोण बघतंय?”

सही नाही तर परीक्षा नाही. वर्ष गेलं असतं. आई माझ्याच डोळ्यांपुढं मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढलेली आहे. वर्ष म्हणजे काय, मला माहीत आहे.

“मी खोटं लिहिणार नाही.”

सर खुर्चीत मागे रेलले. “कोयत्यावरच्या पोरींनी इतकं ताठ राहू नये.”

या वेळी मी हसले नाही. म्हणाले, “हे वाक्य लिहून द्या सर. सही नसेल करायची, तर तेही लिहून द्या.” आणि उभी राहिले. शिपाई आला, चहा आला, दोन प्राध्यापक येऊन गेले. मी उभीच. शेवटी त्यांनी सही करून अहवाल टेबलावरून सरकवला. तो खाली पडला. मी उचलला.

मार्क पासापुरतेच दिले. मी विद्यापीठाकडं तक्रार केली, त्यांचं वाक्य शब्दाला शब्द लिहून. मागे घे म्हणून तिघांचे फोन आले. घेतली नाही. अहवालाची एक प्रत पाटबंधारे कार्यालयात दिली आणि पोच घेतली. बांध अजून तसाच झिरपतोय. दर सोमवारी जाऊन विचारते, काय झालं. तिथला बाबू मला बघून मान फिरवतो.

सरांना वाटलं, मी आता पुण्याला जाईन. पुढच्या शिक्षणाचा अर्ज मी याच विभागात भरलाय. त्या लॅबमध्ये माझाही हक्क आहे. वसतिगृहातल्या दोघी पोरींना सोबत नेणार आहे. तिघींच्या मशीनवर तेच खुलं सॉफ्टवेअर चालेल, सरांच्या डोळ्यांसमोर.

परवानगी मागणार नाही. बसणार आहे.