छत्री निवडून आली

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, यात्रा होऊन गेल्यावर, गावच्या दूध संस्थेची निवडणूक झाली. छत्रीवाले तात्या थोडक्या मतांनी पडले. छत्री निवडून आली.

गाव उमापूरच्या जवळ. तिथे छत्री ही पावसाळ्यातली वस्तू, आणि पाऊस तर दोन वर्षे नीट झालेला नव्हता. तात्या मात्र ती रोज उघडत. वर काळी छत्री, डोक्याला ओले उपरणे, अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा पांढरा सुती सदरा आणि नाकावर मुलीने बीडहून पाठवलेल्या मलमाचा थर. थर जाड असे. मार्गावर नव्याने आलेल्या एसटी कंडक्टरने एकदा त्यांना नवरदेव समजून वऱ्हाडाची गाडी मागे आहे का, असे विचारले होते.

कारण त्यांचे कातडे. शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही ते उन्हात लगेच लाल पडे, मानेवर फोड येत. बीडच्या डॉक्टरांनी दुपारी घराबाहेर पडायला मनाई केली. तात्यांनी निम्मे ऐकले. अंग झाकले, पण घरात बसले नाहीत. "दुपारच बंद केली तर माणसाला ऱ्हातंय काय?" असे ते विचारत. ऊन त्यांना मनापासून आवडे. "उन्हाचं आन् माझं लई जमतंय. कातड्याचं जमत न्हाई, म्हणून मधी छत्री."

यात्रेत कुस्त्यांचा फड भर दुपारी रंगायचा. पुढाऱ्यांसाठी मांडव असे, पण तात्या मांडवात बसत नसत. मातीच्या कडेला, उघड्यावर, छत्री लावून बसत. मागची माणसे आधी ओरडत, "तात्या, पैलवान दिसू द्या की!" थोड्या वेळाने तीच माणसे सरकत सरकत छत्रीच्या सावलीत येत. ऊन कलेल तशी सावली फिरे आणि तिच्याबरोबर माणसेही फिरत. शेवटच्या कुस्तीपर्यंत तात्यांभोवती अर्धे गाव एकमेकांच्या मांडीवर बसलेले असे आणि तात्या स्वतः निम्मे उन्हात असत. मग ते पुन्हा मलम लावत.

निवडणुकीला ते उभे राहिले ते एकाच कामासाठी. दुष्काळात संस्थेमार्फत चारा वाटला जायचा. ट्रक दुपारी येई. संस्थेच्या पटांगणात एकही झाड नव्हते. नवऱ्याचे जुने सदरे लुगड्यावर चढवून बायका रांगेत उभ्या राहत. तिथे पत्र्याची शेड घालायची, एवढेच तात्यांचे म्हणणे होते. जुन्या संचालकांनी ते दोन वेळा पुढे ढकलले होते. चेअरमन झाल्याशिवाय सावली पडत नाही, असे तात्यांचे मत झाले.

चिन्हांचे वाटप झाले. तात्यांच्या पॅनेलला कपबशी मिळाली. समोरच्या भाऊसाहेबांच्या पॅनेलला छत्री.

त्याच दिवशी पॅनेलच्या माणसांनी तात्यांना छत्री घरी ठेवायला सांगितले. त्यांनी ऐकले. दुसऱ्या दिवशी नुसत्या उपरण्यावर ते प्रचाराला फिरले. संध्याकाळी मानेला फोड आले, कान सोलून निघाले. त्यानंतरच्या सकाळी ते छत्री घेऊनच बाहेर पडले. पॅनेलची माणसे चिडली. तात्या म्हणाले, "चेअरमनकी पाच वर्सांची हाय. कातडं जल्माचं हाय."

पॅनेलने निवडणूक अधिकाऱ्याकडे चिन्ह बदलून मागितले. वाटलेले चिन्ह बदलत नाही आणि उमेदवाराची छत्री जप्त करण्याचा नियम नाही, असे त्याने सांगितले. मतदान केंद्रात मात्र छत्री आणायची नाही. भाऊसाहेब खूश होते. भेटले की म्हणत, "तात्या, आमच्या गल्लीतबी एक चक्कर मारा की. दुपारचीच मारा."

तात्या त्या गल्लीतही गेले. दारोदार छत्री उघडी ठेवून, ही छत्री आपली नाही, आपली कपबशी, असे समजावत राहिले. ऐकायला आलेली माणसे आधी छत्रीखाली शिरत. मतदानाच्या दिवशी त्यांनी छत्री हद्दीबाहेर एका बाभळीला अडकवली आणि तोंडावर उपरणे धरून केंद्रापर्यंत पळत गेले.

निकालानंतर शेवंताबाई त्यांच्या घरी पेढे मागायला आल्या. दोन म्हशींच्या मालकीण, शाळेत कधी न गेलेल्या. बरोबर आणखी काही म्हाताऱ्या होत्या. शेवंताबाई म्हणाल्या, "कपबशीकडं बघितलंबी न्हाई, तात्या. तुमच्या छत्रीवरच शिक्का हाणला."

पॅनेलचे एक उमेदवार तिथेच डोक्याला हात लावून बसले. तात्यांनी म्हाताऱ्यांना चहा दिला. मग म्हणाले, "मत छत्रीला दिलंय ना तुमी? मग सावली निवडून आलेल्या छत्रीवाल्याकडं मागा."

चाऱ्याचा पुढचा ट्रक आला तेव्हा बायका रांगेत न लागता नव्या चेअरमनच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या, खोलीत शिरल्या आणि शेड कुठे आहे, असे विचारू लागल्या. शेडचा शब्द तात्यांनी दिला होता, आम्ही नाही, असे भाऊसाहेबांनी सांगितले.

"आसं कावून? मग आमी मत कुणाला दिलं?" शेवंताबाईंनी विचारले.

भाऊसाहेब अडकले. ती मते तात्यांची होती असे म्हटले, तर चेअरमनकीच तात्यांची ठरत होती. खोलीत गावातली इतर माणसेही होती. ती हसू दाबून बसली होती.

संचालकांच्या पहिल्याच बैठकीत शेड मंजूर झाली. उन्हाळा सरायच्या आत पत्रे चढले. उद्घाटनाचे आमंत्रण तात्यांनाही गेले. पुढच्या खांबांना फीत बांधलेली असल्याने पाहुणे येईपर्यंत सगळे बाहेर, उन्हात उभे होते. पाहुणे उशिरा आले. तोपर्यंत तात्यांच्या छत्रीखाली शेवंताबाई, ट्रकचा ड्रायव्हर आणि नवे चेअरमन उभे होते.