पुंडलिकनगरच्या गच्चीवरची ठासणीची बंदूक

सरळ सांगतो. या ट्रिपमध्ये माझ्या हातून गौरी मेली असती. पुढचा रस्ता, जेवण, खर्च सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं (सरांशी भांडण, तो विषय नको). तेव्हापासून जुन्या वस्तू घेतो, विकतो. संभाजीनगरहून ओळखीच्या सुनीलदादांचा फोन आला. त्यांच्या आजोबांचं वेरूळजवळचं घर विकलं, सामान जसंच्या तसं इथं आणून ठेवलंय, कुणी हात लावलेला नाही. आमच्या धंद्यात ‘हात न लावलेलं’ ऐकलं की तोंडाला पाणी सुटतं. पुसलेल्या वस्तूला अर्धीच किंमत. गौरीला विचारलं, येतेस? ती हो म्हणाली. दोन वर्षं मी तिच्या होची वाट बघतोय, पण वेगळ्या प्रश्नाला. तो दौलताबादला विचारायचा, असं ठरवून निघालो.

नाशिकहून येवला, वैजापूर करत साधारण दोनशे किलोमीटर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, हुशारी करू नका. जाऊन-येऊन पेट्रोल हजाराच्या आत. स्टँडजवळ दोन खोल्या घेतल्या, प्रत्येकी आठशे. नान-खलिया खाल्लाच पाहिजे. मटणाचा रस्सा तिखट, पण पोटाला लागत नाही.

पुंडलिकनगरात सुनीलदादांचं रो-हाऊस. गच्चीवर पत्र्याच्या खोलीत पानदान, समया, हंडे, आणि कोपऱ्यात ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची, तसली. तिच्यावर बोटभर धूळ.

“चालती का हो?” गौरीनं विचारलं.

“आजोबा गेल्यापासून कोनी चालवलीच नाय,” दादा हसले. “शोपीस हाय ताई.”

मी उचलली. गौरीनं मोबाइल दादांच्या हातात दिला, भिंतीला टेकून हात वर केले. “साहेब, मारू नका, लग्न व्हायचंय माझं!” मी नेम धरला, अंगठ्यानं घोडा मागं ओढला. गंजानं तो अर्ध्यावरच अडकला. फोटो निघाला. वहिनींनी हाक मारली म्हणून गौरी चहाला खाली गेली.

मग दादांनी बोलावलेले रशीदचाचा आले. त्यांचे वडील शहरात बंदुका दुरुस्त करायचे. आता जुन्या मालाची पारख करायला लोक चाचांना बोलावतात. त्यांनी पानदानाकडं बघितलंसुद्धा नाही. बंदुकीचा दारू ठासायचा गज काढला, नळीत सोडला, तोंडापाशी अंगठ्यानं खूण धरली, बाहेर काढून नळीला बाहेरून लावला. गजाचं टोक घोड्यापर्यंत पोचायला हवं होतं. चार बोटं अलीकडं थांबलं.

“भरेली है,” चाचा हळूच म्हणाले. “ठिणगी पाडनारी टोपी बी बसल्याली हाय.”

दादा दोन पावलं मागं सरकले. “चाचा, पन इतकी जुनी दारू…”

“दारूला वय कळतं व्हय?” त्यांनी नळी भिंतीकडं वळवून बंदूक आडवी ठेवली. “कोनी हात लावू नका. पोलिसांना फोन लावा. मी किंमत सांगत नाय.” मग माझ्याकडं वळले. “घोडा कोनी ओढला?”

खालून गौरीचं हसू ऐकू येत होतं.

पोलीस आले, कागद झाले, बंदूक गेली. बाकी माल मी घेतला नाही. गौरीला एवढंच सांगितलं की लायसन्सचा घोळ आहे.

दुसऱ्या दिवशी दौलताबाद. सकाळी लवकर चढा, पाणी खालूनच घ्या. वर तोफेच्या तोंडाशी एक बाप पोरीला उभं करून फोटो काढत होता. मी ओरडलो, “बाजूला घ्या तिला!”

“ओ भाऊ, लई जुनी तोफ हाय. काय उडनार हाय का आता?”

मी त्याची कॉलरच धरली. गौरीनं मला ओढून बाजूला नेलं. “काय झालंय तुला कालपासून?”

सांगितलं. विचारायचं होतं ते राहिलं.

तिनं खालच्या खंदकाकडं बघितलं. “घोडा सरकला असता तर?”

तिनं सॅक खांद्याला लावली.

“मी एसटीनं जाते. मागं येऊ नकोस.”

दोनशे किलोमीटर एकटा आलो. घरी येऊन चार दिवस झाले. डोळे मिटले की भिंत दिसते, वर केलेले दोन हात दिसतात. जुना माल घ्यायला जाणाऱ्यांनो, धूळ पुसू नका, पण आधी नळीत गज घाला.

काल तिचा मेसेज आला: “तुझं बोट कुठं होतं?” फोटो तिच्याच मोबाइलमध्ये आहे. मोठा केला की दिसेल. तरी तिनं मला विचारलंय.

चापावर होतं, गौरी.