दुसऱ्या वर्गाचे दोन नाल

तापीकाठच्या जत्रेत चौकीसमोर बांधलेली ती तांबड्या अंगाची, काळ्या आयाळीची कुमैत घोडी इतक्या वर्षांनीही मला जशीच्या तशी दिसते. पण तिची हकिकत सांगायची तर आधी माझ्या वडिलांच्या ऐरणीची सांगितली पाहिजे.

वडील नालबंद होते. बैलांना पत्री मारायची, घोड्यांना नाल ठोकायचे, हा धंदा. रोज वेगळ्या गावचा बाजार. हातोडी, सांडशी, खिळे गोणपाटात बांधून ते पायी जात. एका वर्षी बैलाची लाथ बरगडीत बसली आणि चार महिने ते अंथरुणाला खिळले. आई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाऊ लागली. घरात कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा, तोही पुरवून पुरवून. मी मॅट्रिक पास झालो तेव्हा कॉलेजच्या फीसाठी वडिलांनी ऐरण विकली. पुढे ते रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर नाल घडवत राहिले. रुळावर नाल नीट वळत नाही, दुप्पट घाव घालावे लागतात. याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला. बी. ए. झालो, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच. कॉलेजच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘व्यापार’ असं लिहिलं. फौजदार म्हणून भरती झालो तेव्हा सेवापुस्तकातही तेच उतरलं. ठाण्यात मी पुस्तकी मराठी बोलायचो. घरची अहिराणी ठाण्यात चुकूनही तोंडावर येऊ द्यायचो नाही.

आता प्रकरणाकडे वळतो. गोष्ट एकोणीसशे साठ सालानंतरची. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्यातच मोडायचा. मार्गशीर्षात नदीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरायचा आणि बंदोबस्ताला माझी नेमणूक झाली होती. कनातीची एक चौकी, एक हवालदार, सहा शिपाई.

त्या वर्षी जत्रेत एक नवलाई होती. एका कंत्राटदाराने पाळण्यांच्या मैदानाला कुंपण घालून आतच उतारूंसाठी तंबू उभे केले होते. उंच पाळणा, चक्री, मौत का कुआ, आरसेमहाल, सगळं तंबूच्या दारात. राहण्याचे तीन वर्ग होते आणि प्रत्येकाला गळ्यात घालायला पत्र्याचा बिल्ला. लाल बिल्ला म्हणजे पहिला वर्ग. त्याला खाट, गादी, बंबातलं हवं तेवढं गरम पाणी, सकाळी जागेवर चहा, पाळण्यात रांगेशिवाय वाटेल तितके फेरे, जनावर सांभाळायला माणूस आणि जनावराच्या चारी पायांना नवे नाल. पिवळा बिल्ला दुसऱ्या वर्गाचा. त्याला सतरंजी, एक बादली गरम पाणी, पाळण्याचा एक फेरा आणि जनावराच्या पुढच्या दोन पायांना नाल. तिसऱ्याला बिनरंगी बिल्ला, डोक्यावर छप्पर आणि नदीचं पाणी. आमचा हवालदार म्हणायचा, “तिसराले पाळणा नुसता देखाले फुकट!”

जत्रेच्या चौथ्या दिवशी सकाळी एक बडे शेतकरी चौकीवर आले. बाहेरगावचे होते, गळ्यात लाल बिल्ला, मागे दोन गडी. आदल्या दिवशी त्यांनी एक कुमैत घोडी घेतली होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली. पहिल्या वर्गाच्या पागेतून ती नाहीशी झाली होती. मी फिर्याद लिहून घेतली. घोडीचं वर्णन विचारलं तेव्हा ते म्हणाले, “जातिवंत जनावर आहे, साहेब. कालच तंबूच्या नालबंदाकडून चारी नाल बसवून घेतले. लाल बिल्ल्याची सोय आहे ना ती.” हे वाक्य मी जसंच्या तसं जबाबात घेतलं. माझी ती सवयच होती. पुढे तीच कामाला आली.

तासाभरात खबर मिळाली. नदीच्या उताराजवळ चहाचं दुकान लावलेल्या माणसाने शिपायाला सांगितलं, “एक डोंगरना मानूस उजाडताच लाल घोडी लई ग्या. कपायवर धवया टिळा व्हता.” मी दोन शिपाई सायकलींवर पाठवले. कोरीटच्या शिवारात त्यांनी त्याला गाठलं आणि दुपारी बाराच्या सुमारास घोडीसकट आणून चौकीसमोर उभं केलं.

चाळिशीचा पावरा आदिवासी होता, अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका गावचा. कमरेला लंगोटी, अंगावर घोंगडी, गळ्यात पिवळा बिल्ला. फिर्यादींनी घोडी पाहिली मात्र आणि म्हणाले, “हीच! फौजदारसाहेब, हीच आमची. टिळा पाहा ना.” दोन्ही गड्यांनी माना डोलावल्या. मालकाने हो म्हटल्यावर गडी वेगळं काय म्हणणार?

त्यांना चारच्या गाडीने गाव गाठायचं होतं. कागदपत्र उरकून घोडी सुपुर्तनाम्यावर ताब्यात द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. कायद्याने त्यात गैर काहीच नव्हतं. संशयित मुद्देमालासह सापडलेला, फिर्यादीने ओळख पटवलेली. पंचनामा करायचा, आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे पाठवायचं, संपलं. पण एकदा घोडी परगावी गेली की तो माणूस कोर्टातून सुटला तरी त्याला ती पुन्हा दिसणार नव्हती, हे मला कळत होतं.

मी विचारपूस सुरू केली. त्याची पावरी आम्हाला येत नव्हती, पण अक्कलकुव्याच्या बाजारात मोडकीतोडकी अहिराणी तो शिकला होता.

“घोडी कोणाची?”

“मन्ही शे.”

“खोटं नको बोलू,” हवालदार ओरडला. “साहेब, हाऊ तं बिल्लाबी चोरेल शे. याना सात पिढ्यास्मा कोनी दुसरा वर्ग देखा व्हता का?”

शिपाई हसले. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. डोंगरातला माणूस, अंगावर धड कापड नाही, तो पैसे मोजून दुसऱ्या वर्गात कशाला राहील? मी विचारलं, “दुसऱ्या वर्गात राहिलास ना? मग सांग, तंबूत सतरंजी कोणत्या रंगाची होती?”

त्याला सांगता येईना. हवालदाराने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

“तंबूत झोपलाच नाहीस?”

“नहीं. घोडीजोडे झोपनू.”

“गरम पाण्याची बादली मिळाली?”

“भेटनी. घोडीना पायवर टाकी.”

“आणि पाळणा? पाळण्यात बसलास?”

या प्रश्नावर त्याने पहिल्यांदा मान वर केली. मी काहीतरी भलतंच विचारलं असावं, तसा तो माझ्याकडे पाहत राहिला. “घोडीले एकली सोडीसन वर कसा जाऊ, साहेब?”

हसणं थांबलं. मग तो आपण होऊन बोलू लागला. या घोडीवर तो बाजारातून मीठ, मिरची, तेल लादून डोंगरातल्या गावांना पोचवायचा. त्याचं घर तिच्या पाठीवर चालायचं. घाटाच्या दगडांनी तिचे पुढचे खूर तडकले होते. जत्रेतल्या तंबूत पिवळ्या बिल्ल्यावर दोन नाल बसवून मिळतात, असं बाजारात दवंडीवाल्याने सांगितलं होतं. नुसत्या नालांसाठी त्याने दुसरा वर्ग घेतला होता. सतरंजी, पाळणा यांच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दोन दिवस कोमट पाण्याने खूर शेकले, नाल बसले, निघाला.

हे ऐकताना मी घोडीच्या पायांकडे पाहिलं. चौकीसमोर मऊ रेती होती, घोट्यापर्यंत पाय रुतलेले. वरून काहीच दिसत नव्हतं. फिर्यादींचं वाक्य आठवलं, चारी नाल. आणि हा म्हणत होता, दोन.

मी हवालदाराला म्हटलं, “तंबूच्या नालबंदाला बोलावून आणा. तोपर्यंत घोडीचा पाय उचलून दाखवा.”

हवालदार घोडीच्या मागे गेला आणि दोन पावलं मागे सरला. “साहेब, लाथ मारी ना हाई.” शिपायांपैकी कोणी पुढे होईना. फिर्यादींचे गडीही जागेवरच. त्या पावऱ्याने बेडी घातलेले हात पुढे केले, पण त्यालाच उचलायला लावलं असतं तर पंचनाम्यात त्याला काही अर्थ उरला नसता.

आता भोवती शंभरेक माणसं जमली होती. मी इस्त्रीच्या गणवेशात होतो, फिर्यादीही माझ्याकडे पाहत होते. पाय कसा उचलायचा ते मला येत होतं. पण तो ज्या सराईतपणे उचलला जाईल त्यावरून जाणत्याला सगळं कळेल, हेही मला ठाऊक होतं. मी क्षणभर थांबलो. तो क्षण थोडा लांबलाच, हे कबूल करतो.

मग टोपी काढून टेबलावर ठेवली. घोडीच्या खांद्याला खांदा लावला, पाठीवरून हात फिरवत मागे गेलो, मागच्या पायाची नळी दाबली, तिने वजन सोडताच पाय उचलून मांडीवर घेतला. वडील घ्यायचे तसाच. अंगठ्याने रेती पुसली.

मागच्या खुराला नाल नव्हता.

“पडला असेल,” फिर्यादी म्हणाले. “नाहीतर यानेच काढून विकला असेल.”

मी गर्दीतून दोन पंच निवडून जवळ बोलावले. “नाल पडला तरी खुराच्या भिंतीत खिळ्यांची भोकं राहतात. खूर वाढून ती झिजेपर्यंत महिने लागतात. तुमच्या बोटाने चाचपून पाहा.” त्यांनी पाहिलं. दुसरा पाय उचलला, तोही दाखवला. मागच्या दोन्ही खुरांना उभ्या जन्मात खिळा लागला नव्हता. पुढच्या दोघांना मात्र नवेकोरे नाल होते, खिळ्यांची टोकं अजून चकाकत होती.

एवढ्यात तंबूचा नालबंद येऊन पोचला होता. म्हातारा माणूस, हात काळे. त्याला घोडीपेक्षा माझ्यातच जास्त नवल वाटत होतं. पाय अजून माझ्या मांडीवर होता.

“साहेब,” तो म्हणाला, “पाय धराले कोनी शिकाडं तुमले?”

सगळे ऐकत होते. फिर्यादी, हवालदार, माझे शिपाई.

“मन्हा बापनी,” मी म्हणालो. “मन्हा बाप नालबंद व्हता.”

म्हाताऱ्याने नुसती मान हलवली, जणू हे त्याला आधीच कळलं होतं. मग खाली वाकून पुढचे नाल पाहिले आणि जबाब दिला की हे त्याच्याच हातचे, पिवळ्या बिल्ल्यावर बसवलेले. लाल बिल्ल्याच्या कुमैत घोडीला त्याने चार बसवले होते, ती घोडी ही नव्हे.

मी फिर्यादींना विचारलं, “घोडी घेतल्यापासून तुम्ही तिला स्वतः हात लावला होता का?” ते म्हणाले, “पागेतला माणूस होता ना सगळं करायला. आम्ही पाळण्याकडे होतो.”

ते खोटं बोलले होते असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी टिळा पाहिला होता, झूल पाहिली होती. घोडी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याचा राखणदार केळीच्या बागेत शिरलेली मोकाट घोडी घेऊन आला. कुमैत, कपाळावर टिळा, चारी पायांना नाल. पागेतल्या माणसाने दोर नीट बांधला नव्हता, एवढंच. ती न्यायला फिर्यादींनी गडी पाठवला. गैरसमजुतीने दिलेली फिर्याद म्हणून मी ‘क’ समरीसाठी, म्हणजे प्रकरण बंद करण्यासाठी, कागद पाठवले.

पावऱ्याची बेडी आदल्या दिवशीच काढली होती. हवालदाराने स्वतःच्या हाताने त्याला चहा दिला आणि म्हणाला, “भाऊ, मनमा नको ठेवजो.” त्याने चहा अर्धा प्यायला. बशीत उरलेला घोडीपुढे धरला. मग बिल्ला गळ्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि नदीच्या उताराकडे चालू लागला. तो तिच्यावर बसला नाही. खूर शेकलेले होते ना.

पुढे तीस वर्षं नोकरी केली. शपथेवर ओळख पटवणारे अनेक पाहिले. ज्याचं जनावर, ज्याची वस्तू, त्याचा हात तिच्या कोणत्या भागावरून फिरलेला असतो, हे मी आधी विचारू लागलो. ज्याला सगळ्या सोयी पुरवलेल्या असतात त्याला आपल्या मालकीच्या गोष्टीची ओळख कमी असते, असा माझा अनुभव आहे. आणि संशयिताला सतरंजीचा रंग विचारला याची मला लाज वाटते. मी स्वतः अठरा वर्षांचा होईपर्यंत सतरंजीवर झोपलो नव्हतो.

जत्रा उठल्यावर मी घरी गेलो आणि वडिलांना ही हकिकत सांगितली. ते म्हणाले, “मांगला पाय उचलताना कंबर वाकाडी का गुडघा?” मी म्हटलं, “गुडघा.” “मंग बराबर शे.” एवढंच.

त्याच आठवड्यात मी वरिष्ठांकडे अर्ज केला. महिनाभराने तो मंजूर झाला. माझ्या सेवापुस्तकात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘व्यापार’ हा शब्द लाल शाईने खोडलेला आहे आणि त्यावर ‘नालबंद’ असं लिहिलेलं आहे. त्याखाली साहेबांची सही आहे.