पळस्प्याच्या नाक्यावरची शिट्टी

चहा गार होऊ देऊ नका, आणि मी सांगते ते माझ्या माजी विद्यार्थिनींपर्यंत पोहोचू देऊ नका. अडतीस वर्षे मी मुलींना शिस्त शिकवली. आणि परवाच्या रविवारी, भर रस्त्यात, माझ्याच हातून केवढा प्रमाद घडला म्हणता!

येत्या मे महिन्यात आम्ही दोघे युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने बारा दिवस सायकल चालवणार आहोत. आम्ही दोघे म्हणजे मी आणि माझे यजमान, वसंतराव. वये विचारू नका. तीस वर्षे सह्याद्री पायांखाली घातलेली माणसे आम्ही. कर्नाळा आणि प्रबळगड म्हणजे आमचे परसदार. सायकलीचे ते काय एवढे, असे मला वाटत होते. वसंतरावांना मात्र एकच धास्ती.

“अगं, तिकडे आपली चुकामूक झाली तर? फोन बंद, भाषा येत नाही. मी काय, नदीकाठी बसून रडू?”

“अहो, डोंगरात आपली शिट्टी असते ना? तीच तिथेही!”

आमचा शिरस्ता साधा. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा. दोन आखूड म्हणजे पुढे चला. डोंगरात सर्वांत अनुभवी माणूस सर्वांच्या मागून चालतो. म्हणून पुढे ते, मागे मी. (हे मी नम्रपणेच सांगते आहे!)

“ठीक आहे,” ते म्हणाले. “रविवारी सामान लादून कर्नाळ्यापर्यंत जाऊ. फोन घरी ठेवू. चुकामूक झाली, तर मी माझं तिकीट रद्द करणार.”

झाले! परीक्षा ठरली.

रविवारी सकाळी निघालो. रस्त्यावर ठळक दिसावे म्हणून मी चकाकत्या पट्ट्यांचे भडक पिवळे जाकीट आणि पांढरे हेल्मेट घातले होते. पळस्प्याच्या नाक्यावर वसंतराव पलीकडे निघून गेले आणि मी एका पाण्याच्या टँकरमागे अडकले. त्यांनी थांबावे म्हणून मी एक लांब, खणखणीत शिट्टी फुंकली.

ते थांबले की नाही, ते दिसेना. पण रस्ता थांबला! रिक्षा थांबल्या, टँकर थांबला, जासईकडे निघालेला कंटेनर कचकन थांबला.

“मॅडम, आमची साइड सोडा की!” एक रिक्षावाले ओरडले.

“ओ बाय, सोडतेस का नाय?” टेम्पोत कोळंबीच्या टोपल्या धरून बसलेली कोळीण कडाडली. “मावरं हाय गाडीत! बरफ वितळाला!”

‘मी वाहतूक पोलीस नव्हे’ असे सांगायला मी तोंड उघडले. पण चारही बाजूंनी माणसे माझ्याकडे पाहत होती, वर्गात पाहतात तशी. खरे सांगू? मला गहिवरून आले.

मी दोन आखूड शिट्ट्या दिल्या. कोळणीचा टेम्पो सुटला. मग एक लांब. कंटेनर जागच्या जागी! हात आपोआप उंचावले. अहो, अडतीस वर्षांत एवढा आज्ञाधारक वर्ग मला मिळाला नव्हता! एका मोटारसायकलस्वाराने पांढरी रेघ ओलांडली होती. त्याला मी गाडी मागे घ्यायला लावली. मुकाट्याने गेला, आणि वर “सॉरी मॅडम” म्हणाला. यात वीस मिनिटे कशी गेली, ते मला कळलेही नाही.

तेवढ्यात खरे हवालदार आले.

“मॅडम, आपण कुठल्या चौकीच्या?”

“मी सेवानिवृत्त शिक्षिका आहे.”

“मग हे काय चाललंय?”

“युरोपची तयारी.”

त्यांनी हात पुढे केला. “शिट्टी द्या.”

मुलींच्या चिंचा जप्त करणारी मी! निमूटपणे दिली.

आणि तेव्हा कुठे आठवण झाली. वसंतराव!

नाक्यापलीकडे ते नव्हते. पुढच्या टपरीवरही नव्हते. शिट्टी नाही, फोन नाही. तिकिटाचा विचार मनाला शिवलाही नाही. आपले माणूस दिसत नाही, एवढेच कळत होते.

वळण ओलांडले, तर अर्ध्या किलोमीटरवर, भर उन्हात, सायकल धरून हे ताठ उभे! शेजारीच वडाची गार सावली.

“अहो, सावलीत तरी उभं राहायचं!”

“थांबा म्हणजे थांबा, असं तूच सांगितलंस ना?” त्यांनी घाम पुसला. “एक लांब वाजली, थांबलो. दोन आखूड वाजल्या, निघालो. थोडं अंतर गेलो, की पुन्हा लांब! अकरा वेळा, अगं! मला वाटलं, माझा कस पाहते आहेस. मग दहा मिनिटं काहीच नाही. म्हटलं, ही त्यातली अवघड पायरी असेल.”

मी सगळी हकीगत सांगितली, अगदी कोळंबीसह. ते हसत हसत सायकलीवरच ओणवे झाले.

“मग?” मी हळूच विचारले. “तिकीट रद्द?”

“छे! मी हरवत नाही, हे तर सिद्धच झालं.” त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. “आता तू हरवलीस तर मी काय करायचं, तेवढं मला शिकव.”