मामांची नाडी आणि जिनाचे इंजिन

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांइतका स्वतःच्या नाडीवर भरवसा असलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा नसेल. निदान मी तरी पाहिलेला नाही. खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, ते देखरेख करीत आणि इंजिनाची चाल आपल्या नाडीवर जोखत. घड्याळाला किल्ली द्यावी लागते, नाडीला लागत नाही, हा त्यांचा मुद्दा. घरचे पिठलेसुद्धा मोजून तीनशे ठोके शिजले पाहिजे. मामी ते अडीचशेलाच उतरवीत. मामांना कधी कळले नाही.

एका हंगामात मामांनी आठ दिवसांत तीनदा इंजिन थांबवले. "काऊन बे, इंजिन लंगडून राह्यलं, तुले ऐकू येत नाही?" असे ते मिस्त्रीवर खेकसले. मिस्त्रीने सगळे खोलून पाहिले, दोष सापडेना. बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या. शेवटी त्याच जिनात हिशेब लिहिणारा मी घड्याळ धरून बसलो आणि दहा मिनिटे इंजिनाचे ठोके मोजले. दर मिनिटाला आकडा तोच. मग मामांचे मनगट धरले. दोन ठोके घाईचे, मग खंड, मग भलतेच काही.

"मामा, इंजिन बरोबर आहे."

"मंग चुकते कोण?"

मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "हृदयाची लय बिघडली आहे. आज त्रास नाही. पण असेच चालले तर हृदय थकण्याचा धोका वाढतो. मग दम लागतो, पायांवर सूज येते. औषध घ्या, मीठ कमी करा."

"म्हंजे बेअरिंग झिजते," मामा म्हणाले. "आमी असं इंजिन लगेच बंद करतो." मग स्वतःच हसले. "हे बंद करता येत नाही, हाच वांधा हाये!"

औषध त्यांनी नेमाने घेतले. अळणी पिठले पुढे आले की म्हणत, "हे खाऊन जगलो तर मले बक्षीस द्या." काही वर्षे चांगली गेली. मग पाय सुजू लागले. मी रविवारी गेलो की ते नडगीवर अंगठा दाबत आणि खळगा भरेपर्यंत मला मोजायला लावत. स्वतःच्या मोजणीवर आता त्यांचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. एका रविवारी मी मनात चौदापर्यंत मोजले.

"किती, जावईबापू?"

"सहा, मामा."

"मागच्या खेपेले आठ होते," म्हणत त्यांनी समाधानाने धोतर घोट्यापर्यंत ओढले. जाणूनबुजून चुकीचा सांगितलेला माझ्या आयुष्यातला तो एकच आकडा.